दूध कंपनीचा कार्बन कुठे असतो आणि तो कमी कसा होतो

खाद्यपदार्थ बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल उघडले की हल्ली हमखास दिसतात ती तीन चित्रं: छतावरचे सोलर पॅनेल, विजेवर चालणारा डिलिव्हरी टेम्पो आणि रोपं लावणारे कर्मचारी. सोबत एक घोषणा असते, '2050 पर्यंत नेट झीरो', म्हणजे जेवढं उत्सर्जन होईल तेवढंच शोषून घेऊन बेरीज शून्यावर आणू. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने बाजारमूल्याने पहिल्या 1000 नोंदणीकृत कंपन्यांना 2022-23 पासून बीआरएसआर नावाचा, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवाल सक्तीचा केला आणि त्यात हरितगृह वायूंचे आकडे यायला लागले. वाचणाऱ्याला प्रश्न पडतो तो साधाच असतो. यातून खरंच काही कमी होतं का, आणि होत असेल तर कशामुळे?

उत्तरासाठी एक काल्पनिक दूध कंपनी घेऊ. आंबेगाव, शिरूर, दौंड, बारामती, इंदापूर या तालुक्यांतून ती रोज 10 लाख लिटर गाईचं दूध घेते, एमआयडीसीतल्या कारखान्यात पिशव्या, दही, पनीर आणि पावडर बनवते आणि पुण्यात विकते. दूधच घेण्याचं कारण असं की शेत, जनावर, वाफ, थंडावा, वाहतूक आणि सांडपाणी हे अन्नधंद्यातले सगळे भाग त्यात एकत्र येतात. बिस्किटं किंवा सॉस बनवणाऱ्या कंपनीचा हिशोब वेगळा असतो, पण रीत हीच.

आधी मोजमापाची भाषा

वातावरणात उष्णता धरून ठेवणारे वायू म्हणजे हरितगृह वायू. अन्नधंद्यात तीन महत्त्वाचे. इंधन जळताना निघणारा कार्बन डायऑक्साइड, गाईच्या ढेकरातून आणि कुजणाऱ्या सांडपाण्यातून निघणारा मिथेन, आणि खत घातलेल्या जमिनीतून निघणारा नायट्रस ऑक्साइड. तिघांची ताकद सारखी नाही. शंभर वर्षांच्या हिशोबात एक किलो जैविक मिथेन साधारण 27 किलो कार्बन डायऑक्साइडइतका तापवतो, तर एक किलो नायट्रस ऑक्साइड 273 किलोइतका. सगळं एकाच मापात आणलं की त्याला 'कार्बन-तुल्य' म्हणतात. इथून पुढे मी किलो आणि टन म्हणेन ते याच मापात.

दुसरी गोष्ट म्हणजे हद्द. कंपनीचं उत्सर्जन तीन कप्प्यांत मांडतात, त्यांना स्कोप 1, 2, 3 म्हणतात. घराचा हिशोब तसा लावला तर स्वयंपाकाचा गॅस आपण स्वतः जाळतो तो पहिला कप्पा, महावितरणचं बिल दुसरा, आणि किराणा, भाजी, कपडे अशा विकत आणलेल्या प्रत्येक वस्तूमागे दुसऱ्यांनी केलेलं उत्सर्जन तिसरा. कंपनीच्या पहिल्या कप्प्यात बॉयलर, स्वतःच्या गाड्या आणि शीतयंत्रातून गळणारा वायू येतो. दुसऱ्यात वीज. तिसऱ्यात कच्चा माल, भाड्याचे टँकर, पॅकिंग आणि दुकानातले फ्रीज.

बीआरएसआरमध्ये पहिले दोन कप्पे अनिवार्य आहेत, तिसरा ऐच्छिक. आणि अन्न कंपनीचं बहुतेक सगळं तिसऱ्यातच असतं. नेस्लेसारख्या कंपनीच्या एकूण उत्सर्जनात या कप्प्याचा वाटा 90 टक्क्यांहून जास्त आहे. शिवाय आपल्याकडे दूध धंद्याचा मोठा हिस्सा सहकारी संघांचा आहे. ते शेअर बाजारात नोंदलेले नसल्यामुळे हा नियम त्यांना लागूच होत नाही.

एका लिटरमागे किती, आणि कुठे

टँकरपासून सुरुवात करू, कारण रस्त्यावर दिसतो तोच. मंचर ते पुणे जाऊन-येऊन साधारण 120 किलोमीटर. 20,000 लिटरचा टँकर लिटरला 4 किलोमीटर चालतो असं धरलं तर 30 लिटर डिझेल लागतं. एक लिटर डिझेल जळलं की 2.68 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे फेरीला सुमारे 80 किलो. तो 20,000 लिटर दुधावर वाटला की लिटरमागे 4 ग्रॅम.

आता गाय. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या 2006 च्या मार्गदर्शिकेत भारतीय उपखंडातल्या दुभत्या गाईसाठी वर्षाला 58 किलो मिथेन धरला आहे. त्याला 27 ने गुणलं की सुमारे 1,570 किलो. गाय सरासरी 5 लिटर दूध 300 दिवस देत असेल तर वर्षाचं दूध 1,500 लिटर. म्हणजे लिटरमागे एक किलोहून थोडं जास्त. तेही फक्त ढेकराचं. शेण, वैरणीचं खत, भाकड जनावरं यात अजून आलेलीच नाहीत.

चार ग्रॅम आणि हजार ग्रॅम. पुढचा सगळा लेख या फरकावर उभा आहे.

आता छतावरच्या सोलरचं बघू. एक मेगावॅट सोलरला साधारण एक लाख चौरस फूट छत लागतं. आपल्या भागात एक किलोवॅट दिवसाला सरासरी 4 युनिट देतो, म्हणजे वर्षाला 14-15 लाख युनिट. भारतीय ग्रिडच्या एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो उत्सर्जन आहे, म्हणजे वर्षाची बचत हजार टनांच्या आसपास. आपली कंपनी वर्षाला 36.5 कोटी लिटर दूध घेते आणि ढेकराचा हिशोब होतो 3.65 लाख टन. अख्खं छत झाकूनही त्याचा 0.3 टक्का कमी होतो. सोलर बसवू नये असा याचा अर्थ नाही. त्याचे पैसे वीजबिलातूनच वसूल होतात, तेव्हा बसवायलाच हवा. पण हवामानाचं काम झालं म्हणून अहवालाच्या मुखपृष्ठावर त्याचा फोटो टाकणं ही वाचकाची दिशाभूल आहे.

कारखान्यात काय करायचं

तरीही सुरुवात कारखान्यातूनच व्हावी. तिथे सगळं कंपनीच्या हातात असतं आणि बरीच कामं दोन-तीन वर्षांत स्वतःचे पैसे फेडतात.

एक लिटर दूध 4 अंशांवरून 72 अंशांवर न्यायला सुमारे 270 किलोज्युल उष्णता लागते. कोळशाच्या 75 टक्के कार्यक्षम बॉयलरवर ती काढली तर लिटरमागे 35 ग्रॅम. प्रत्यक्षात पाश्चरायझरच्या, म्हणजे दूध तापवून जंतू मारणाऱ्या यंत्राच्या, पातळ स्टीलच्या पत्र्यांत एका बाजूने तापलेलं दूध बाहेर पडत असतं आणि पत्र्याच्या पलीकडून थंड दूध आत येत असतं, म्हणजे जाणाऱ्याची उष्णता येणाऱ्याला मिळते. हा भाग नीट चालला तर 90 टक्के किंवा त्याहून जास्त उष्णता परत मिळते आणि 35 चे 3.5 ग्रॅम होतात. बिघडतं ते असं: पत्र्यांवर दुधाचा थर बसतो, गॅस्केट कडक होतात, आणि परत मिळणारी उष्णता 80 टक्क्यांवर येते. दूध तरीही 72 अंशांवर पोचतंच, कारण यंत्र आपोआप जास्त वाफ ओढतं. त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही आणि वाफेचा खर्च दुप्पट होतो. उपाय सोपा आहे. उष्णता परत देणाऱ्या भागातून थंड दूध किती अंशांवर बाहेर पडतं, तो आकडा रोज वहीत लिहायचा.

बॉयलरमध्येही असंच. वापरून झालेल्या वाफेचं गरम पाणी म्हणजे कंडेन्सेट गटारात न सोडता बॉयलरला परत द्यायचं. पाणी 6 अंशांनी जास्त गरम गेलं की साधारण एक टक्का इंधन वाचतं. तीस अंशांच्या ताज्या पाण्याऐवजी सत्तर अंशांचं मिश्रण गेलं तर सहा-सात टक्के. यात घात करतात ते स्टीम ट्रॅप, म्हणजे पाणी सोडून वाफ अडवणारे छोटे झडप. ते उघडे अडकले की वाफ सरळ निघून जाते. वर्षातून दोनदा प्रत्येक ट्रॅप तपासला तर हे सापडतं.

पुढचा प्रश्न इंधनाचा, आणि इथे उत्साहाच्या भरात चूक होते. 'कोळसा बंद करा, विजेचा बॉयलर लावा' हे ऐकायला छान वाटतं. हिशोब मात्र असा आहे. एक युनिट उष्णतेमागे कोळशाचा बॉयलर सुमारे 0.46 किलो सोडतो, नैसर्गिक वायूचा 0.24 किलो, आणि ग्रिडच्या विजेवरचा बॉयलर 0.7 किलो. म्हणजे विजेचा बॉयलर कोळशापेक्षाही वाईट. हीट पंप वेगळा. तो उष्णता तयार करत नाही, एका ठिकाणची उचलून दुसरीकडे नेतो. एका युनिट विजेत तीन युनिट उष्णता मिळाली तर 0.23 किलो, म्हणजे जवळपास वायूइतकंच. डेअरीत मात्र त्याचा खरा फायदा असा की शीतयंत्र जी उष्णता बाहेर फेकून देतं तीच उचलून टाक्या आणि पाइप धुण्याचं 70-80 अंशांचं पाणी तापवता येतं. त्याला सौर वीज मिळाली तर आकडा जवळपास शून्यावर येतो. हीट पंप आणि सौर वीज यांचा करार एकत्रच करावा.

पुणे-सातारा-नगर पट्ट्यात उसाचं चिपाड आणि शेतातल्या अवशेषांचे ब्रिकेट मिळतात. कोळशाच्या जागी ते जाळणं चांगलं. मात्र माल ओला आला की बॉयलरची ताकद जाते, धूर वाढतो आणि ऑपरेटर गुपचूप कोळसा मिसळतो. म्हणून खरेदी वजनावर न ठेवता ओलावा मोजून उष्मांकावर ठेवावी.

दुधाची पावडर ही वेगळीच भूक आहे. एक किलो पावडरीसाठी साधारण 9 लिटर पाणी उडवावं लागतं. सगळं एकाच टप्प्यात उडवलं तर 20 मेगाज्युल, म्हणजे कोळशावर अडीच किलोहून जास्त. एका भांड्याची वाफ पुढच्या भांड्याला तापवते अशी चार-पाच टप्प्यांची मांडणी केली की यातला मोठा हिस्सा वाचतो. पुष्ट काळात, म्हणजे दूध भरपूर येतं त्या महिन्यांत, जादा दूध पावडरीला वळवणाऱ्या कंपनीने दूध फवारणीच्या यंत्रात जाण्याआधी शक्य तितकं घट्ट करून घ्यावं.

दिवसा सूर्य आणि रात्री थंडावा, हे न जुळणारं गणित बर्फाने सुटतं. केंद्राच्या 2023 च्या वीज ग्राहक नियमांनुसार उद्योगांना उन्हाच्या तासांत वीज स्वस्त मिळायला हवी. त्या वेळात टाक्यांत बर्फ करून ठेवायचा आणि रात्री दूध त्याच्या पाण्यावर थंड करायचं. बॅटरीपेक्षा हे स्वस्त आणि टिकाऊ आहे.

न दिसणारे दोन गळके

पहिला, शीतयंत्रातला वायू. मोठ्या कारखान्यांत अमोनिया असतो. तो विषारी आहे, त्याची सुरक्षितता कडक लागते, पण तापवण्याची ताकद शून्य. शीतगाड्या आणि दुकानांतल्या जुन्या डीप फ्रीजरमध्ये आर-404ए असू शकतो. त्याचा एक किलो गळला की 3.9 टन, म्हणजे जवळपास 1,460 लिटर डिझेल जाळल्याइतकं. नेहमी घडतं ते असं: फ्रीजर थंड होईना म्हणून मेकॅनिक येतो, गळती न शोधता गॅस भरून जातो आणि चार महिन्यांनी पुन्हा येतो. कंपनीला गळतीचा आकडा हवा असेल तर सेन्सर लागत नाही. वर्षभरात किती किलो गॅस भरला, ती बिलं पुरेशी आहेत. नवे फ्रीजर घेताना प्रोपेनवर म्हणजे आर-290 वर चालणारे घ्यावेत. किगाली करारानुसार भारताने 2028 मध्ये आर-404ए च्या जातीच्या वायूंचा वापर गोठवायचा आहे आणि 2047 पर्यंत 85 टक्के कमी करायचा आहे. म्हणजे जुन्या यंत्रांसाठी गॅस पुढे महागच होत जाणार.

दुसरा, पनीरची निवळी, म्हणजे दूध फाडल्यावर उरणारं पाणी. हजार लिटर निवळी उघड्या खोल तलावात कुजली तर तिच्यातून कमाल 15 किलोपर्यंत मिथेन निघू शकतो, म्हणजे 400 किलो. तीच बंद टाकीत कुजवून वायू पकडला तर साधारण 20 लिटर डिझेलइतकी ऊर्जा मिळते. त्याहून बरं म्हणजे निवळीतली प्रथिनं आणि साखर गाळून विकणं. यंत्रणा महाग आहे, पण रोज लाख लिटर निवळी निघत असेल तर ती फेकणं जास्त महाग पडतं.

गोठ्यातलं उत्सर्जन कंपनीचं कसं?

पहिला आक्षेप हाच असतो. गाय शेतकऱ्याची, गोठा त्याचा, मग हिशोब कंपनीच्या नावावर का?

कारण ती गाय कंपनीच्या खरेदीसाठी पाळलेली आहे. शेतकऱ्याच्या आणि कंपनीच्या अशा दोन्ही हिशोबांत ती मोजली जाते आणि तसं अपेक्षितच आहे. देशाची बेरीज वेगळ्या पद्धतीने होते, तिथे ती एकदाच येते. कंपनीच्या हिशोबात ती घेण्याचा हेतू इतकाच की दर, पुरवठ्याच्या अटी आणि पशुखाद्य या गोष्टी ज्याच्या हातात आहेत त्याच्यावर जबाबदारी यावी.

दुसरा आक्षेप जास्त विचार करण्यासारखा आहे. गाय गवत खाते, गवताने कार्बन हवेतूनच घेतलेला असतो, तो परत हवेत गेला तर वाढ कुठे झाली? कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत हे बरोबर आहे. पण गाईच्या कोठीपोटातले सूक्ष्मजीव त्या कार्बनचा काही भाग मिथेन बनवून सोडतात. तो साधारण 12 वर्षं हवेत टिकतो आणि तेवढ्या काळात कितीतरी जास्त तापवतो. जनावरांची संख्या पिढ्यान्‌पिढ्या तेवढीच राहिली तर मिथेनची हवेतली पातळीही जवळपास स्थिर राहते, वाढली तर वाढते. मिथेन लवकर विरतो म्हणून तो कमी केल्याचा परिणामही लवकर दिसतो.

जास्त दूध, कमी ढेकर

गाय दोन कारणांसाठी खाते: स्वतः जगायला आणि दूध द्यायला. जगण्यापुरतं खाणं 3 लिटरवालीला आणि 12 लिटरवालीला जवळपास सारखंच लागतं. दूध वाढलं की तो स्थिर भाग जास्त लिटरवर वाटला जातो. बारा लिटर देणारी गाय जास्त खाते म्हणून तिचा मिथेन वर्षाला 80 किलो धरू. तरीही 3,600 लिटरवर वाटल्यावर लिटरमागे 0.6 किलो येतो. आधी आला होता एक किलो.

हे वैरणीपासून सुरू होतं. आपल्या ऊस पट्ट्यात गळीत हंगामात गाईंना वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, भरपूर मिळतं, कारण ते स्वस्त असतं. त्यात प्रथिनं कमी असतात आणि ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम अडवतं. गाय पोटभर खाते, ढेकर देते, दूध मात्र वाढत नाही. वाढ्यासोबत खनिज मिश्रण, द्विदल चारा आणि मक्याचा मुरघास, म्हणजे हवाबंद करून आंबवलेला हिरवा चारा, दिला की चित्र बदलतं. मुरघासासाठी मका दाण्यात चीक भरून घट्ट व्हायला लागल्यावर, सुमारे 30 ते 35 टक्के शुष्क पदार्थ असताना कापायचा, बारीक कुट्टी करायची, दाबून हवा काढायची आणि बंद करायचं. साधारण दीड महिन्यात तो तयार होतो. पिशवीला भोक पडलं किंवा थर नीट दाबला गेला नाही तर बुरशी येते आणि तिचं विष थेट दुधात उतरतं. अशा दुधाची तक्रार शेवटी कंपनीकडेच येते, तेव्हा कुट्टी यंत्र आणि पिशव्यांवर कंपनीने खर्च करणं तिच्याच हिताचं आहे.

चाऱ्याइतकंच महत्त्वाचं आहे दोन वेतांमधलं अंतर, आणि अहवालांत त्याचा उल्लेख क्वचित सापडतो. गाय 13-14 महिन्यांनी व्यायली पाहिजे. मुका म्हणजे बाहेरून न दिसणारा माज ओळखता आला नाही, रेतनाला उशीर झाला, की अंतर 18 महिन्यांवर जातं. ते जादा चार महिने गाय खाते, ढेकर देते, दूध काहीच नाही. दिवसाला 130 ग्रॅम मिथेन धरला तरी 120 दिवसांत 15-16 किलो, म्हणजे 400 किलोहून जास्त. गर्भतपासणीचा एक डॉक्टर दुचाकीवर गावोगाव फिरला तर त्यावर होणारा खर्च आणि वाचणारे टन यांचं प्रमाण कुठल्याही सोलर प्रकल्पाला मागे टाकेल असं माझं ठाम मत आहे. उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी 1967 मध्ये सुरू केलेल्या 'बाएफ'ने दारात रेतन सेवा कशी पोचवायची हे दाखवून दिलं आहे. लिंगनिश्चित रेतमात्रा वापरल्या तर दहापैकी नऊच्या आसपास कालवडी होतात आणि न पोसले जाणारे गोऱ्हे कमी होतात. कासदाह वेळेत ओळखणं, उन्हाळ्यात गोठ्यात सावली आणि चोवीस तास पाणी, याही गोष्टी याच हिशोबात येतात.

ढेकर थेट कमी करणारी पूरकंही आहेत. थ्री-एनओपी नावाचं रसायन दुभत्या गाईंत मिथेन सुमारे 30 टक्के कमी करतं आणि युरोपीय संघाने 2022 मध्ये त्याला मान्यता दिली. पण ते प्रत्येक घासात मिसळलेलं असावं लागतं. सकाळ-संध्याकाळ पेंड आणि मधल्या वेळी बांधावरचं गवत अशी आपली पद्धत असेल तर परिणाम घटतो. शिवाय त्याने दूध वाढेलच असं नाही, मग शेतकरी स्वतःच्या खिशातून का घालेल? असं पूरक वापरायचं असेल तर संपूर्ण खर्च कंपनीचा, हे आधीच ठरलेलं असावं.

शेण आणि युरिया

बायोगॅस सगळ्यांना आवडतो. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे 50 किलो शेण लागतं, म्हणजे चार-पाच जनावरं. त्यातून दिवसाला 0.8 ते 0.9 किलो एलपीजीइतका वायू मिळतो, म्हणजे 16-17 दिवसांत एक सिलिंडर. पण इथे एक बारकावा आहे. आपल्याकडे शेण बहुतेकदा उकिरड्यावर कोरडं पडतं आणि त्यातून मिथेन तुलनेने कमी निघतो. संयंत्र त्याच शेणातून मुद्दाम मिथेन बनवतं. घुमटाला भेग असेल, शेगडी बंद पडली असेल आणि वायू नुसता सुटत असेल तर उत्सर्जन वाढूही शकतं. म्हणून संयंत्रं किती वाटली यापेक्षा तिसऱ्या वर्षी किती चालू आहेत हा आकडा मागावा.

बायोगॅसची स्लरी युरियाच्या जागी गेली तर दुसरा फायदा होतो. 45 किलोच्या युरियाच्या गोणीत 20.7 किलो नत्र असतं. आयपीसीसीच्या साध्या पद्धतीने त्यातलं एक टक्का नायट्रस ऑक्साइडच्या रूपात उडतं, ते होतं 89 किलो. युरिया विरघळताना निघणारा कार्बन डायऑक्साइड आणखी 33 किलो. एका गोणीमागे 120 किलो, कारखान्यातलं उत्पादन वेगळंच. मक्याला नत्र एकदम न देता हप्त्यांत, ओलावा बघून दिलं तर गोणी कमी लागते.

मोजमाप चुकलं तर सगळंच वाया

बहुतेक कंपन्या तिसऱ्या कप्प्याचा हिशोब असा करतात: घेतलेलं दूध गुणिले एक ठरावीक सरासरी आकडा. समजा तो आकडा लिटरला 2 किलो आहे. मग शेतकऱ्याने मुरघास केला काय, वेतातलं अंतर कमी केलं काय, आकडा 2 वरच राहणार. कागदावर उत्सर्जन कमी करण्याचा एकच मार्ग उरतो, दूध कमी घेणं. या पद्धतीत चांगलं काम दिसत नाही आणि वाईटही दिसत नाही.

गोठ्यातली माहिती आणणं वाटतं तितकं अवघड नाही. संकलन केंद्रावर प्रत्येक शेतकऱ्याचं दूध, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) दिवसातून दोनदा नोंदलं जातंच. कमी पडतं ते दुसऱ्या बाजूचं: एकूण जनावरं किती, त्यात भाकड आणि कालवडी किती, खायला काय. कानातल्या बिल्ल्यावर 12 आकडी क्रमांक असतो, त्यावर विण्याच्या तारखा जोडता येतात. ठरावीक गोठ्यांचा नमुना उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात असा दोनदा तपासला तर कामापुरता आकडा मिळतो. चूक होते ती फक्त उत्साही, मोठे गोठे निवडण्यात. दोन गाईंचा गोठा नमुन्यात आलाच पाहिजे, कारण बहुसंख्य पुरवठादार तेच असतात.

पैसे कोण देणार?

हवामानाचं काम सीएसआर म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या विभागाकडे दिलेलं असतं. पण 3.65 लाख टनांवर ज्याचा हात आहे तो खरेदी विभाग. त्याला वरून सांगितलेलं असतं, दूध स्वस्त आणा. त्यामुळे मेळावे भरतात, टोप्या वाटल्या जातात आणि दरपत्रक तसंच राहतं.

दरपत्रकात बदल करून बघू. आपल्याकडे गाईच्या दुधाचा दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ या मापावर बांधलेला आहे. त्यावर अटी पूर्ण करणाऱ्या गोठ्याला लिटरला एक रुपया जादा दिला तर वर्षाला जास्तीत जास्त 36.5 कोटी. त्या बदल्यात लिटरमागे 200 ग्रॅम कमी झाले तर 73,000 टन, म्हणजे टनाला 5,000 रुपये. रक्कम मोठी आहे, पण लिटरच्या भाषेत ती फक्त एक रुपया आहे. शिवाय दूध वाढल्यामुळे शेतकऱ्याचं उत्पन्न वेगळं वाढतं, म्हणून सुरुवातीची तीन-चार वर्षं आधार दिला की बऱ्याच सवयी स्वतःच्या पायावर उभ्या राहतात. अट एकच, करार निदान तीन वर्षांचा हवा. पुष्ट काळात दर पाडणाऱ्या कंपनीसाठी कुणी मुरघासाचा खड्डा बांधणार नाही.

घोषणा वाचताना

'प्रति लिटर 20 टक्के घट' असं लिहिलेलं असेल तर त्याच काळात विक्री किती वाढली ते बघा. विक्री 30 टक्के वाढली असेल तर 1.3 गुणिले 0.8, म्हणजे 1.04. एकूण उत्सर्जन चार टक्के वाढलं. दूध वाढवण्याचा उपाय इथेच फसू शकतो. तेवढंच दूध कमी जनावरांतून आलं तरच एकूण आकडा खाली येतो. डॅनोनने 2023 मध्ये ताज्या दुधातला एकूण मिथेन 2020 च्या तुलनेत 2030 पर्यंत 30 टक्के कमी करण्याचं लक्ष्य जाहीर केलं. वर्ष, वायू आणि एकूण आकडा असं तिन्ही सांगणारं लक्ष्य तपासता तरी येतं.

झाडांचं काय? बांधावर झाडं हवीतच, गाईला सावलीही मिळते. पण विज्ञानाधारित लक्ष्यांच्या आंतरराष्ट्रीय उपक्रमाच्या नियमांत बाहेरून विकत घेतलेले कार्बन क्रेडिट, म्हणजे झाडं लावून किंवा इतर मार्गाने दुसऱ्याने कमी केलेल्या टनांची प्रमाणपत्रं, लक्ष्यपूर्तीत धरले जात नाहीत, आणि 2022 पासून शेतीशी निगडित उत्सर्जनासाठी वेगळं लक्ष्य मांडावं लागतं.

आणि क्रेडिटचा दुसऱ्या बाजूनेही घोळ होतो. कंपनीने शेतकऱ्यांना बायोगॅस संयंत्रं दिली, त्यांचे क्रेडिट एखाद्या विमान कंपनीने विकत घेतले, तर ती घट विमान कंपनीच्या खात्यात गेली. दूध कंपनीने तीच घट स्वतःच्या अहवालातही दाखवली तर एकच टन दोनदा कमी झाल्याचं दिसतं. अहवालात बायोगॅसचा फोटो असेल तर त्याच्या क्रेडिटची मालकी कुणाकडे आहे हे कंपनीला जरूर विचारा.